मुद्दल खाऊन व्यापार किती दिवस?
कोळसा, तेल आणि आपला कापडधंदा : एक हिशोब

(माजलगावच्या एका कापड व्यापाऱ्याकडून)



आपल्या पानावर आपण जीएसटी, बँकेचे कर्ज, उधारीची वसुली अशा विषयांची चर्चा करतो. आजचा विषय वरवर पाहता सरकारचा किंवा शास्त्रज्ञांचा वाटेल. जमिनीतून निघणारा कोळसा, खनिज तेल आणि वायू यांना मर्यादा आहे आणि जगाला हळूहळू दुसऱ्या साधनांकडे वळावे लागत आहे, हा तो विषय होय. परंतु माजलगावसारख्या तालुक्याच्या गावी बसून कापड विकणाऱ्या माणसाचाही याच्याशी रोजचा संबंध आहे. तो कसा, हे हिशोबाच्या भाषेत समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

मुद्दल आणि मिळकत

दुकानदारीचा पहिला धडा असा की, मुद्दल वेगळे आणि मिळकत वेगळी. उर्दूत एकाला सरमाया म्हणतात, दुसऱ्याला आमदनी. मिळकतीतून घर चालवणारा दुकानदार पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. मुद्दल काढून खर्च करणाऱ्याचा थाट काही वर्षे मोठा दिसतो, लोक त्याला शेठ म्हणतात, पण त्याच्या फळ्या दरवर्षी थोड्या थोड्या रिकाम्या होत असतात.

कोळसा आणि तेल हे पृथ्वीचे मुद्दल आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीची झाडे आणि समुद्रातील सूक्ष्म जीव गाडले जाऊन ते तयार झाले. आपण वापरतो त्या गतीने ते पुन्हा तयार होत नाही. ऊन, वारा, वाहते पाणी, शेतात दरवर्षी उगवणारा ऊस व कापूस ही मिळकत आहे. ती रोज येते, पण जेवढी येते तेवढीच वापरता येते. गेल्या दोनशे वर्षांत जगाने जी भरभराट पाहिली तिच्यात माणसाची अक्कल आणि मेहनत होतीच, परंतु मोठा भाग या मुद्दलाचा होता.

हे मुद्दल किती दमदार आहे ते पाहा. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट उष्णता असते. इंजिन त्यातील साधारण एक तृतीयांश कामात आणते, म्हणजे ३ युनिट. धडधाकट माणूस दिवसभर राबला तर त्याच्या अंगमेहनतीचे काम अर्ध्या युनिटच्या आसपास भरते. म्हणजे एका लिटरमध्ये सहा दिवसांच्या हमालीएवढे काम आहे. इतका स्वस्त नोकर मिळाल्यावर त्याला किती कामे सांगावीत, याचा विचार कोणी केला नाही, हे नवल नाही.

ताग्यामध्ये तेल कुठे आहे?

आता आपल्या फळीवरील माल घेऊ. पॉलिएस्टर हे सूत शेतात पिकत नाही, ते तेलातून येते. खनिज तेल शुद्ध करताना नाफ्था निघतो, त्यापासून पीटीए आणि एमईजी ही दोन रसायने बनतात आणि त्या दोहोंपासून पॉलिएस्टर होते. एक किलो पॉलिएस्टरला साधारण ८६० ग्रॅम पीटीए आणि ३४० ग्रॅम एमईजी लागते. बेरीज किलोपेक्षा जास्त भरते, कारण प्रक्रियेत पाणी वेगळे होते. १९४१ साली इंग्लंडमध्ये याचा शोध लागला आणि टेरिलीन नावाने ते बाजारात आले. महाराष्ट्रात १९८२ साली रायगड जिल्ह्यातील पाताळगंगा येथे रिलायन्सचा पॉलिएस्टर सुताचा कारखाना सुरू झाला. आज जगात बनणाऱ्या एकूण तंतूंपैकी निम्म्याहून अधिक पॉलिएस्टर आहे. सुरतेची साडी, शाळेच्या गणवेशाचे टेरिकॉट, ड्रेस मटेरियल, अस्तर, शिलाईचा दोरा, जिकडे हात घालावा तिकडे तेल आहे.

कोणी म्हणेल की आम्ही सुती माल विकतो, आम्हाला काय त्याचे? कापूस ही मिळकत आहे हे खरे, पण तिलाही मुद्दलाचा हात लागलेला आहे. कपाशीला युरिया लागतो आणि युरियाचा कच्चा माल मुख्यतः नैसर्गिक वायू असतो. अलिबागजवळच्या थळ येथील राष्ट्रीय केमिकल्सचा कारखाना १९८० च्या दशकात मुंबई हायच्या वायूवरच उभा राहिला. नांगरटीला ट्रॅक्टरचे डिझेल, जिनिंगला आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांना वीज, रंगाई-छपाईच्या कारखान्यात बॉयलरला कोळसा. माजलगावला रेल्वे नाही, त्यामुळे गठाण शेवटी ट्रकनेच येते आणि बिल्टीवर डिझेलचा भाव चढलेला असतो.

तात्पर्य, आपण मीटरने कापड मोजतो, पण प्रत्येक मीटरबरोबर थोडे तेल आणि थोडा कोळसाही विकत असतो. त्याचा भाव ठरवणे आपल्या हाती नाही.

मर्यादा म्हणजे शेवटचा थेंब नव्हे

या विषयात एक मोठा गैरसमज आहे. तेल संपणार म्हणजे एके दिवशी विहीर कोरडी पडणार, असे लोक समजतात आणि ती कोरडी पडलेली दिसत नाही म्हणून निर्धास्त होतात. दुकानदाराला हे सहज समजावे. दुकान बंद पडते ते शेवटचा तागा संपल्यावर नव्हे. त्याच्या कितीतरी आधी चांगला माल संपतो, नवा माल महाग पडतो, किंवा माल असतो पण दुसरीच एखादी गोष्ट अडते. मर्यादा या तीन रूपांत येते आणि तिन्हींची उदाहरणे आपल्या राज्यात आहेत.

पहिले उदाहरण मुंबई हायचे. १९७४ साली मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात तेल सापडले, २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले. मार्च १९८५ मध्ये ते शिखरावर होते, रोज सुमारे ४ लाख ७१ हजार बॅरल. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. त्यानंतर उतार लागला. नव्या विहिरी खोदल्या, पाणी सोडून दाब वाढवला, कोट्यवधी रुपये खर्च केले, तरी २०२४ साली उत्पादन रोज १ लाख ३४ हजार बॅरलच्या आसपास होते. जानेवारी २०२५ मध्ये उत्पादन वाढवण्याच्या तांत्रिक मदतीसाठी ओएनजीसीने ब्रिटिश कंपनी बीपीची निवड केली. तेल संपले नाही, परंतु सोपे तेल संपले. आज देश लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून आणतो.

येथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेतील भूशास्त्रज्ञ हबर्ट यांनी १९५६ साली सांगितले होते की त्यांच्या देशाचे तेल उत्पादन १९७० च्या सुमारास शिखर गाठून उतरू लागेल. १९७० ला ते खरे ठरले. परंतु पुढे खडक फोडून तेल काढण्याची नवी पद्धत आली आणि २०१८ साली अमेरिकेने जुने शिखर ओलांडले. म्हणून ‘अमुक वर्षी तेल संपणार’ अशा भाकितांवर धंद्याचे निर्णय घेऊ नयेत. मात्र नवे तेल जुन्याइतके सहज निघत नाही, त्याला जास्त पैसा, पाणी आणि यंत्रे लागतात, हेही तितकेच खरे.

दुसरे रूप भावाचे. १९७३ च्या अरब-इस्राईल युद्धानंतर काही महिन्यांत तेल सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या जवळ गेले. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले, तेलाचे भाव भडकले, आखातातून आपली माणसे परतली, आणि १९९१ साली देशाला परकीय चलनासाठी सोने बाहेर गहाण ठेवावे लागले. जुलै २००८ मध्ये बॅरल १४७ डॉलरवर पोहोचले. एप्रिल २०२० मध्ये महामारीमुळे मागणी इतकी घटली की अमेरिकेच्या वायदे बाजारात एक दिवस भाव शून्याच्याही खाली गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले आणि भाव पुन्हा शंभरच्या वर गेले. ज्या मालाचा भाव असा झोके घेतो, त्याच्यावर उधारीचा व्यापार उभा करणे हे धोक्याचे काम आहे. सुताचा भाव मिलवाला दर आठवड्याला बदलू शकतो, पण सणाला दिलेल्या उधारीचा भाव आपल्याला बदलता येत नाही.

तिसरे रूप आपल्या जिल्ह्यातलेच आहे आणि ते सर्वांत शिकण्यासारखे आहे.

परळीचा धडा

परळी वैजनाथ येथे १९७१ पासून औष्णिक वीज केंद्र आहे. ३० मेगावॅटच्या दोन छोट्या संचांपासून सुरुवात झाली, १९८० च्या दशकात २१० मेगावॅटचे संच आले, २००७ नंतर २५० मेगावॅटचे. बीड जिल्ह्याला या केंद्राचा अभिमान होता आणि परळीची बाजारपेठ त्याच्यावर पोसली गेली.

फेब्रुवारी २०१३ मध्ये दुष्काळामुळे हे केंद्र बंद करावे लागले. जुलै २०१५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. त्या वेळी खाणीत कोळसा होता. यंत्रे होती, कामगार होते, विजेला गिऱ्हाईक होते. पाणी नव्हते. कोळशाची वीज म्हणजे पाण्याची वाफ करून चाक फिरवणे, आणि ती वाफ पुन्हा थंड करायलाही पाणीच लागते. गोदावरी आणि तिच्या उपनद्या आटल्या तेव्हा पिण्याला पाणी द्यायचे की वीज केंद्राला, हा प्रश्न उभा राहिला आणि त्याचे उत्तर एकच असू शकत होते. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, यावरून त्या दिवसांची कल्पना यावी. चांगला पाऊस झाल्यावरच परळीची चाके पुन्हा फिरली.

केंद्र बंद म्हणजे केवळ वीज बंद नव्हे. कंत्राटी कामगारांची हजेरी बंद, राखेवर चालणाऱ्या वीटभट्ट्या अडचणीत, ट्रक उभे, चहाच्या टपरीपासून कापड दुकानापर्यंत सगळ्यांची विक्री थंड. ज्या गावाचा बाजार एकाच भट्टीवर अवलंबून असतो त्याची नाडी किती नाजूक असते, हे आपण जवळून पाहिले.

यातून नियम असा निघतो : कोणतीही व्यवस्था तिच्या सर्वांत कमजोर दुव्याइतकीच टिकते. गोदाम भरलेले असून दुकान बंद पडू शकते.

आणखी एक मर्यादा आहे, ती धुराची. कोळसा आणि तेल जाळल्याने हवेत कार्बन वायू साठतो आणि पृथ्वी तापते. २०१५ च्या पॅरिस कराराने जवळजवळ सर्व देशांनी ही गोष्ट मान्य केली. म्हणजे जमिनीत मुद्दल शिल्लक असले तरी ते सगळे जाळणे परवडणारे नाही. मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला ऊन, अवकाळी आणि गारपीट यांचा हिशोब कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

दुप्पटीचे गणित

व्याजाचा गुणाकार आपणास ठाऊक आहे. एखादी गोष्ट दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढली तर दहा वर्षांत ती दुप्पट होते, वीस वर्षांत चौपट, तीस वर्षांत आठपट. सोपी रीत अशी की ७० ला वाढीच्या टक्क्यांनी भागावे, दुप्पट व्हायला किती वर्षे लागतील ते कळते. आता समजा, एका गोदामात शंभर वर्षे पुरेल एवढा माल आहे, पण ‘आजच्या खपाने’. खप दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढत गेला तर तोच माल साधारण तीस वर्षांत संपतो. म्हणून ‘आपल्याकडे इतक्या वर्षांचा कोळसा आहे’ असे कोणी सांगितले की विचारावे, कोणत्या खपाने?

आपल्या देशाचे कोळसा उत्पादन २०२४-२५ मध्ये प्रथमच वर्षाला १०० कोटी टनांच्या पुढे गेले. त्याच वेळी सौर विजेची क्षमता २०२५ च्या सुरुवातीला १ लाख मेगावॅटच्या वर गेली. दोन्ही वाढत आहेत. क्षमतेत ऊन-वारा-पाणी यांचा वाटा मोठा दिसतो, परंतु प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेत त्या वेळी कोळशाचा वाटा दोन तृतीयांशाहून अधिक होता, कारण सूर्य रात्री नसतो. याचा अर्थ असा की बदल सुरू झाला आहे, पूर्ण झालेला नाही.

कापडाने पूर्वीही भट्टी बदलली आहे

हा बदल अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांना आपल्या धंद्याचाच इतिहास सांगावा. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिली कापड गिरणी काढण्याचे काम हाती घेतले, १८५६ मध्ये ती सुरू झाली. पुढे साठ वर्षे मुंबईच्या गिरण्या वाफेवर चालल्या. त्यांचा कोळसा इंग्लंडहून बोटीने किंवा दूर बंगालमधून येत असे. मुंबईला कापूस जवळ होता, कोळसा नव्हता. धुराने शहर काळे होई ते वेगळेच.

सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस लोणावळ्याच्या तलावांत साठवून खाली खोपोलीला सोडावा आणि त्यावर वीज करावी, ही कल्पना जमशेटजी टाटांची. ते १९०४ साली वारले. कंपनी १९१० मध्ये निघाली आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईला पोहोचली. मग एकेक गिरणी वाफेवरून विजेवर गेली. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील सर्वांत मोठा धंदा कोळशाच्या मुद्दलावरून पावसाच्या मिळकतीकडे वळला होता. कारण पर्यावरणाचे नव्हते, हिशोबाचे होते.

परंतु ही गोष्ट येथे थांबवली तर अर्धवट राहील. टाटांच्या पुढच्या प्रकल्पासाठी मुळशी पेट्यातील मावळ्यांची भातशेती आणि घरे पाण्याखाली जाणार होती. एप्रिल १९२१ मध्ये तेथे सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट त्याचे नेते होते. लोकांनी तुरुंगवास भोगला, तरी धरण झाले आणि १९२७ साली भिरा येथे वीज सुरू झाली. गिरणीला स्वच्छ वीज मिळाली, मावळ्याची जमीन गेली. आपल्या माजलगाव धरणाच्या पाण्याखालीही गावे आणि जमिनी गेल्या आहेत, हे आपल्याकडे जुनी माणसे विसरलेली नाहीत.

म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बदलाला दहा-वीस वर्षे लागतात, तेव्हा तो गरज पडण्यापूर्वी सुरू करावा लागतो. आणि बदलाचा खर्च कोणाच्या तरी खात्यावर पडतोच. तो दुबळ्याच्या खात्यावर गुपचूप टाकला तर पुढे भांडण उभे राहते.

आपल्या जिल्ह्याची मिळकत

बीड जिल्ह्याकडे कोळसा नाही, तेल नाही. ऊन आहे, वारा आहे, ऊस आहे. तिन्हींचा जमाखर्च पाहू.

ऊन : आमच्या भागात छपरावरील एक किलोवॅट सौर पॅनेल वर्षाची सरासरी धरली तर रोज साधारण ४ युनिट वीज देते. शेतकऱ्याला रात्री-अपरात्री पाणी देण्याऐवजी दिवसा वीज मिळावी म्हणून राज्याने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. घरांसाठी केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये सूर्यघर योजना काढली, तिच्यात ३ किलोवॅटला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान ठरवले गेले. उणी बाजू अशी की पावसाळ्यात आणि रात्री भागत नाही, आणि धूळ पुसली नाही तर उत्पादन घटते.

वारा : केज, पाटोदा, बीड या तालुक्यांच्या माळरानावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांच्याबरोबर जमिनीच्या मोबदल्याचे, रस्त्यांचे आणि कंत्राटांचे तंटेही आले. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडून खंडणी मागण्याच्या प्रकरणाशी तिचा संबंध असल्याचे तपास यंत्रणेने आरोपपत्रात म्हटले. वारा फुकट आहे, परंतु जेथे कायद्याचा धाक नाही तेथे फुकटची मिळकतही रक्तात भिजते. व्यापारी म्हणून आपण हे बोलले पाहिजे, कारण खंडणी आज एका कंपनीला मागितली जाते आणि उद्या दुकानदाराला.

ऊस : जायकवाडीचा उजवा कालवा १३२ किलोमीटर धावून माजलगावच्या जलाशयाला मिळतो आणि त्या पाण्यावर आमच्याकडे ऊस वाढला. साखर कारखाने चिपाड जाळून वीज करतात आणि मळीपासून इथेनॉल करतात. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठले. पण इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. शिवाय ऊस पाणी पितो. पाऊस कमी झाला तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने घातली, कारण साखर कमी पडण्याची भीती होती. म्हणजे मिळकतीलाही मर्यादा आहे. शेत तेच आहे, त्यातून साखर काढा, पेट्रोल काढा की ज्वारी काढा.

यात ऊसतोड कामगारांना विसरू नये. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे कोयता घेऊन बाहेर जातात. जाण्यापूर्वी उचल घेऊन ते आपल्याकडे कपडे घेतात, परत आल्यावर उधारी फेडतात. तोडणी यंत्रे डिझेलवर चालतात आणि ती वाढत आहेत. उद्या हे काम कमी झाले तर या माणसांना दुसरे कोणते काम मिळणार, या प्रश्नावर आपल्या बाजाराचे भवितव्य ठरेल.

तसेच आखाताचेही आहे. कोकणापासून मराठवाड्यापर्यंत कित्येक घरांच्या ईदच्या खरेदीत आखातातून आलेला पैसा असतो. सौदी अरबस्तानने एप्रिल २०१६ मध्ये ‘व्हिजन २०३०’ जाहीर केले, तेलावरचे अवलंबन कमी करणे हा त्याचा गाभा आहे. तेल विकणाराच जेव्हा दुसरा धंदा शोधू लागतो, तेव्हा गिऱ्हाइकाने झोपून राहू नये. मुलाला आखातात पाठवणाऱ्या बापाने त्याला पाईपलाईनबरोबर सौर पॅनेलचे, बॅटरीचे, वातानुकूलन यंत्र दुरुस्तीचे कामही शिकवावे. ते तिकडेही चालेल आणि इकडेही.

दुकानदाराने काय करावे?

१) आधी मोजावे. वीजबिलात रुपये न पाहता युनिट पाहावेत. बारा महिन्यांचे युनिट, जनरेटरचे डिझेल आणि मालाचे भाडे एका पानावर लिहून एकूण विक्रीशी भागावे. शंभर रुपयांच्या विक्रीमागे किती रुपये ऊर्जेचे, हा आकडा ज्याला ठाऊक नाही त्याला भाव ठरवता येत नाही.

२) गळती आधी बंद करावी. जुनी ट्यूबलाईट चोकसह सुमारे ५० वॅट घेते, त्याच उजेडाची एलईडी २० वॅट. दुकानात २० नळ्या असतील आणि दिवसाला १० तास जळत असतील तर रोज ६ युनिट वाचतात, ३०० दिवसांत १,८०० युनिट. पॅनेल बसवण्याच्या आधीची ही कमाई आहे.

३) मग साधन बदलावे, पण परतफेड मांडून. समजा, ३ किलोवॅटला १ लाख ८० हजार रुपये खर्च आला, रोज १२ युनिट धरून ३०० दिवसांत ३,६०० युनिट मिळाले आणि युनिटचा दर १२ रुपये आहे. वर्षाची बचत ४३,२०० रुपये, म्हणजे चार वर्षांहून थोड्या अधिक काळात पैसे वसूल. आपला खरा खर्च आणि खरा दर घालून हेच गणित करावे. कापड दुकान दिवसा चालते, सूर्यही दिवसाच तापतो, ही आपली सोय आहे. यंत्रमागधारकांसाठी केंद्राने २०१७ साली सौर ऊर्जेची योजना काढली होती आणि राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणाच्या नावातच ‘शाश्वत’ हा शब्द आहे. कोणती योजना चालू आहे याची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करावी.

४) गाडी भरून मागवावी. चार दुकानदारांनी आपापले दोन-दोन गठ्ठे वेगवेगळे मागवण्यापेक्षा एका गाडीत मागवले तर भाडे वाटले जाते. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड-अहिल्यानगर मार्गावर पहिली प्रवासी गाडी धावली. २६१ किलोमीटरचा हा मार्ग परळीपर्यंत जाणारा आहे. रेल्वे एक टन माल ट्रकपेक्षा कितीतरी कमी इंधनात नेते. मालधक्का कोठे असावा याची मागणी व्यापारी संघटनांनी वेळेवर करावी.

५) फळीवर दोन्ही सुते ठेवावीत. पॉलिएस्टर वाईट आणि सुती चांगले असा हा प्रश्न नाही. गरीब गिऱ्हाइकाला टिकाऊ व स्वस्त कापड पॉलिएस्टरनेच दिले. पण सगळा साठा तेलाच्या भावाला बांधलेला नसावा. आणि जे विकावे ते टिकणारे असावे. दोन धुण्यांत विरणारा माल हा गिऱ्हाइकाचेही मुद्दल खातो.

६) बचत कुठे जाते ते पाहावे. इंग्लंडमधील अर्थतज्ज्ञ जेव्हन्स यांनी १८६५ सालीच दाखवले होते की वाफेची इंजिने सुधारली, कोळसा कमी लागू लागला, तेव्हा इंजिने इतकी वाढली की एकूण कोळसा जास्तच जळू लागला. एलईडीत वाचलेले पैसे आपण दर्शनी भागातील झगमगाटात घातले तर हिशोब पुन्हा तेथेच येतो. वाचलेले पैसे वेगळ्या खात्यात टाकावेत आणि त्यातून पुढचे पॅनेल घ्यावे.

सारांश

कोळसा आणि तेल मुद्दल आहे. ऊन, वारा, पाणी, पीक मिळकत आहे. मर्यादा शेवटच्या थेंबाला येत नाही, ती उतरत्या उत्पादनाने, झोके घेणाऱ्या भावाने आणि परळीप्रमाणे एखाद्या अडलेल्या दुव्याने येते. मिळकतीवर जगणे शक्य आहे, मुंबईच्या गिरण्यांनी ते एकदा केले, पण त्यासाठी वेळ लागतो, आणि ज्याची जमीन व काम जाते त्याचा हक्क आधी मांडावा लागतो.

स्वाध्याय म्हणून वाचक बंधू-भगिनींनी या महिन्यात एक काम करावे. कोऱ्या कागदावर दोन रकाने पाडावेत. डावीकडे आपल्या दुकानात किंवा घरात मुद्दलावर चालणाऱ्या गोष्टी लिहाव्यात, उजवीकडे मिळकतीवर चालणाऱ्या. डावीकडची कोणती एक गोष्ट येत्या दिवाळी-ईदपर्यंत उजवीकडे नेता येईल आणि तिला किती रुपये लागतील, तेही लिहावे. हा कागद खातेवहीतच ठेवावा, म्हणजे वर्षअखेरीस तो नजरेखालून जाईल.